साहेब ‘हो’ म्हणाला आणि भावोजी थांबेनात

थांबा. हातातलं काम बाजूला ठेवा, चुलीवर दूध असेल तर उतरवून या, आणि आधी हे ऐका, कारण हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगितलं नाही तर मला आज जेवण जायचं नाही. शिमग्याची सुटी संपवून मी कालच घाटाखालच्या चौक गावाहून पुण्याला परत आलेय, ट्रंक अजून उघडलेली नाही, बोर्डिंगातल्या मुली म्हणतायत आधी अंघोळ कर, आणि मी दौत-टाक घेऊन बसलेय. तर सांगायचं ते असं, की माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, यांच्याइतकं इंग्रजी बोलणारा माणूस बोरघाटाच्या खाली आजवर झालेला नाही आणि पुढंही होईल असं वाटत नाही. ‘इतकं चांगलं’ असं मी म्हटलेलं नाही हं, नीट वाचा. नुसतं ‘इतकं’. खुद्द विलायतेतली माणसंसुद्धा जेवताना, दाढी करताना, निदान झोपेत तरी गप्प बसत असतील. भावोजी बसत नाहीत.

भावोजींचं दुकान चौकात, मुंबई-पुणे सडकेच्या अगदी कडेला. पनवेलकडून आलेल्या मोटारी तिथपर्यंत पोचेतो तापलेल्या असतात, पुढं खोपोली आणि मग घाट, म्हणून पुष्कळजण तिथं थांबतात. पेट्रोलचे डबे, तेल, पंक्चरचं सामान आणि माझ्या ताईच्या हातचा आलं घातलेला चहा, एवढं सगळं त्या एका छपराखाली मिळतं. मोटारीला पाणी मात्र फुकट. आता कुठलाही शहाणा माणूस बादली उचलेल, मोटारीच्या तोंडात ओतेल आणि मोकळा होईल की नाही? भावोजी लोट्यानं पाणी घालतात. लहान लोट्यानं. देवघरातल्या. पहिला लोटा, मग साहेबाकडं वळून हवेची चौकशी. दुसरा लोटा, मग साहेबाच्या बायकामुलांची. तिसऱ्या लोट्याला विलायतेत भात पिकतो का, आणि पिकत नसेल तर ती माणसं जगतात कशी. एकदा एक पारशी शेठ घाईत होते, पुण्याला कुणाच्या तरी लग्नाला निघाले होते, ते ओरडले, “अरे बादली नथी?” भावोजींनी शांतपणे इंग्रजीत सांगितलं की बादली आहे, पण बादलीत दोनच वाक्यं होतात. आता ते शेठ चौक जवळ आला की काचा वर करून घेतात म्हणे, आणि एक-दोन ड्रायव्हर तर पनवेललाच पाणी भरून निघतात. ताई कपाळाला हात लावते. “गिऱ्हाईक पळतंय अवो तुमच्या बोलन्यानं!” भावोजी म्हणतात, “पळू दे. पळायच्या आधी बोललं ना? मग फिटलं.”

हे वेड लागलं माथेरानला. तरणेपणी दोन-तीन हंगाम भावोजी तिथल्या एका हॉटेलात साहेबलोकांना चहा द्यायला होते. तिथं त्यांनी पाहिलं, की इंग्रजी शिकलेली आपली माणसं साहेब समोर आला की खांबासारखी उभी राहतात, आणि ज्यानं शाळेचं तोंड पाहिलं नाही तो घोडेवाला तीन शब्दांत साहेबाला घोड्यावर बसवून मोकळा होतो. झालं. तेव्हापासून त्यांचा सिद्धान्त असा, की इंग्रजी बोलायला पुस्तक लागत नाही, समोर माणूस लागतो, आणि तो उठून जाता कामा नये. तालुक्याच्या कचेरीतले एक मॅट्रिक झालेले कारकून चहाला येतात आणि भावोजींच्या चुका मोजून हसतात. त्यांना एकदा भावोजी म्हणाले, “रावसाहेब, माझ्या इंग्रजीत खड्डे असतील, पण रस्ता हाय. त्यावरनं गाडी जाते. तुमच्याकडं नुसता नकाशा हाय.” त्या दिवशी कारकुनांनी चहा अर्धाच प्याला.

समोर माणूस नसेल तेव्हा काय करायचं? तेव्हा डोंगर. पहाटे भावोजी शेतावर जातात आणि माथेरानच्या कड्याकडं तोंड करून मोठ्यानं इंग्रजी बोलतात. कडा सगळं परत बोलतो. “ह्याच्यासारखा मास्तर नाय मेहुणीबाई,” मला म्हणाले, “मधी बोलत नाय, हसत नाय, आन् आपलंच बोलणं कसं ऐकू जातं ते दाखवतो.” सुरुवातीला एकदा काय झालं, भावोजी तिकडं तावातावानं कड्याशी राजकारण बोलत होते, आणि शेजारच्या शेतातल्यांना वाटलं बांधावरनं भांडण लागलंय. चारपाच जण काठ्या घेऊन धावत आले. बघतात तर भावोजी एकटे. त्यातला एक म्हातारा म्हणाला, “अरं, दुसरा कुटं गेला? पळाला का?” भावोजी म्हणाले, “तो डोंगर हाय. तो कुठं पळतोय?” म्हातारा काठी टेकत परत निघाला आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला, की दुकानदाराचं डोकं फिरलंय, पण आवाज चांगला हाय.

आणि गुरुवार! गुरुवार सांगायचा राहिलाच की. लोक गुरुवारी अन्नाचा उपास करतात, भावोजी मराठीचा करतात. सकाळी तोंड धुतल्यापासून दिवेलागणीपर्यंत एक अक्षर मराठी नाही. ताईला इंग्रजी येत नाही, त्यामुळं गुरुवारी त्यांच्या घरात फार शांतता असते असं तुम्हाला वाटेल, पण ताई तिचं मराठीत बोलते, ते त्यांचं इंग्रजीत बोलतात, आणि मी शपथेवर सांगते, बाकीच्या दिवसांपेक्षा त्यांचं गुरुवारी जास्त पटतं. पण एका गुरुवारी खळ्यातल्या पेंढ्याच्या उडवीला ठिणगी लागली. भावोजींनी पाहिलं आणि सगळ्या गावातून धावत सुटले, हात वर करून, जिवाच्या आकांतानं ओरडत. इंग्रजीत. पारावर बसलेल्या मंडळींनी मान वर केली. एकजण म्हणाला, “आज लय रंगात आलंय.” दुसरा म्हणाला, “गुरवार हाय रं, बोलू दे त्याला.” आणि सगळे तंबाखू मळत बसले. शेवटी ताईला धूर दिसला, तिनं एकच मराठी हाक मारली आणि सगळा गाव हंडे-घागरी घेऊन आला. अर्धी उडवी गेली. म्हशींनी त्या साली अर्धपोटी उन्हाळा काढला. तेव्हापासून उपासाला दोन सवलती आहेत, आग आणि साप. बाकी सगळं इंग्रजीत.

असे हे भावोजी. आता मुख्य गोष्ट.

चौकाच्या मागं, माथेरानच्या पायथ्याशी, गेल्या पावसाळ्यानंतर एका म्हाताऱ्या पेन्शनर साहेबानं बंगला बांधला. त्याच्या मडमेला म्हणे माथेरानची हवा मानवते पण चढ मानवत नाही, म्हणून हा मधला मार्ग. बंगल्याभोवती जमीन बरीच, तिला सगळीकडून काटेरी तार. त्याच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणाऱ्या ठाकर लोकांची वाडी आहे. वाडीतल्या बायका पावसाळ्यात आणि थंडीत वरच्याच ओढ्याचं पाणी भरतात, पण शिमगा आला की ओढा आटतो आणि मग खालच्या झऱ्यावर यावं लागतं. आणि ती झऱ्याची पायवाट नेमकी साहेबाच्या जमिनीतनं जाते. तार ओढली तेव्हा वाटेवर गवत वाढलेलं होतं, तारवाल्याला ती वाट दिसलीच नाही. यंदा बायका हंडे घेऊन उतरल्या तर समोर काटे. आता झऱ्यावर जायचं तर डोंगराच्या सगळ्या सोंडेला वळसा. एका हंड्यात सकाळ जाते. साहेबाच्या माळ्याला विचारलं तर तो म्हणतो, मला काय सांगता, साहेबाला सांगा. आणि साहेबाला सांगायचं कुणी?

वाडीतली म्हातारी बुधी ताईकडं मोळी घालते, दोघींची जुनी गट्टी. मी तिथं असतानाच ती आली, मोळी टाकली, नेहमीसारखी चहाला बसली नाही. उभ्या उभ्याच भावोजींना म्हणाली, “भाऊ, माजी सून आवघडलेली हाय, दिस भरत आलं. ती ह्या वळशानं हंडा घेऊन कशी येल? मी म्हातारी किती भरू? तू रोज त्येंच्याशी बोलतोस. येक डाव आमच्यासाठी बोल.”

मला वाटलं भावोजी उडी मारतील. साक्षात साहेब, तोही चालता न येणाऱ्या बंगल्यात बसलेला, मोटार चालू करून पळून न जाणारा! पण कुठलं काय! त्याच दुपारी एक मोटार थांबली, आत गोरा साहेब, आणि भावोजींनी काय करावं? बादली उचलली आणि सगळी एकदम ओतली. एक शब्द न बोलता. साहेब निघूनसुद्धा गेला. ताईनं पिठानं भरलेला हात त्यांच्या कपाळाला लावून पाहिला. म्हणाली, “ताप नाय. मग काय झालं?”

भावोजी पायरीवर बसले. “आजवर बोलण्यासाठी बोललो गं,” म्हणाले. “चुकलं तर चुकलं, मोटार गेली की चूक बी गेली. आता चुकलो तर बुधीच्या सुनेला वळसा पडेल.”

मग सुरू झाली तयारी. अंगणात खुर्ची टाकली आणि तिच्यावर ताईला साहेब करून बसवलं. भावोजी समोर उभं राहून विनंती करायचे, आधी इंग्रजीत, मग ताईला कळावं म्हणून मराठीत, आणि ताईनं साहेबासारखं उत्तर द्यायचं. पण माझी ताई म्हणजे चौकाच्या बाजारात भाजीवालीला रडवणारी बाई! ती कशाला ‘हो’ म्हणतेय? “फाटक? नाय!” म्हणायची. का नाही? “माजे गुलाब गुरं खातील.” मग भावोजी त्यावर उत्तर रचायचे, ते रात्री घोकायचे, पहाटे कड्याला ऐकवायचे. दुसऱ्या दिवशी ताई नवीन काढायची, “बाया माजी झाडं तोडतील.” त्यावर उत्तर. “विड्या वढून गवत पेटवतील.” त्यावर उत्तर. मोळ्या घेऊन आलेल्या ठाकर बायका कडेला बसून बघायच्या आणि त्यांनाही चेव आला. बुधी म्हणाली, “ऊठ गं, मला बसू दे.” खुर्चीवर पाय वर घेऊन बसली आणि गरजली, “तुमी गौरीत नाचाल, ढोल वाजवाल, माजी मडम झोपंल कशी? नाय! चालते व्हा!” सगळ्या बायका हसून लोळल्या. मीसुद्धा एकदा साहेब झाले आणि कुत्र्याचा मुद्दा काढला. भावोजींनी प्रत्येक ‘नाही’ला उत्तर तयार केलं, आणि खरं सांगते, एकेक उत्तर असं होतं की हायकोर्टात चाललं असतं.

आणि तो दिवस आला. भावोजी कोट घालून, ताई हातात पळसाच्या पानाचा पुडा घेऊन, कारण कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाही, मागं मी, माझ्या मागं बुधी आणि रिकामे हंडे घेतलेल्या वाडीच्या बायका. व्हरांड्यात म्हातारा साहेब वेताच्या खुर्चीत, शेजारी मडम लोकर विणत. आम्ही पायरीखाली थांबलो. भावोजींनी घसा साफ केला, हवेची चौकशी केली, ती झाल्यावर पहिलं वाक्य म्हटलं. मी ते इथं मराठीतच सांगते: साहेब, तुमच्या तारेच्या आत या बायांची पाण्याची जुनी वाट आहे, तर तिथं एक छोटं फाटक करून द्याल का?

साहेबानं चष्मा काढला. बायकांकडं पाहिलं, हंड्यांकडं पाहिलं आणि म्हणाला, “अरेरे, इथं वाट आहे हे मला ठाऊकच नव्हतं. करू की फाटक. उद्याच करू.”

झालं! संपलं! मला एवढं इंग्रजी नक्की कळतं, दोन बुकं झालीत माझी. मी आनंदानं बुधीचा हात दाबला. आणि तेवढ्यात भावोजींचा आवाज आला, “बट सर.”

मी बुधीचा हात सोडला. भावोजी पुढं म्हणत होते, साहेब, तुम्हाला भीती वाटत असेल की यांची गुरं येऊन तुमचे गुलाब खातील, तर... साहेब म्हणाला, “गुरं? गुरंही येणार का?” त्याची मान गुलाबाच्या वाफ्यांकडं वळली. भावोजी थांबेनात. तुम्हाला असंही वाटेल, की या बाया तुमची झाडं तोडतील, पण साहेब... साहेबाच्या भुवया वर गेल्या. तुम्ही म्हणाल, विडीची ठिणगी पडून गवत पेटेल... मडमेनं सुया मांडीवर ठेवल्या. प्रत्येक शंकेमागून भावोजींचं सुंदर, घोटलेलं, कड्यानं पास केलेलं उत्तर येत होतं, पण उत्तर यायच्या आत शंका जाऊन बसलेली असायची! ढोलाचं आलं तेव्हा मडम साहेबाच्या कानात काहीतरी बोलली, आणि साहेबानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. म्हणाला, “हं. म्हणजे यावर जरा विचार करायला हवा.”

ताईनं माझा दंड धरला. “काय म्हनतोय गं त्यो?”

“आता विचार करतो म्हणतोय.”

“आदी काय म्हनाला व्हता?”

“हो म्हणाला होता.”

“कवा?”

“पहिल्यालाच.”

“मंग ह्ये काय बोलतायत?”

“उरलेलं.”

ताईनं माझा दंड सोडला. पदर खोचला, पायरीशी चपला काढल्या आणि सरळ व्हरांड्यात चढली. भावोजी तेव्हा कुत्र्यावर आले होते. ताईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पळसाचा पुडा उघडला, आत पिवळाजर्द गूळ. एक खडा मडमेच्या हातावर ठेवला, एक साहेबाच्या, आणि तोंडाकडं बोट करून खा म्हणाली. मडमेनं आधी साहेबाकडं पाहिलं, मग ताईकडं, आणि खडा तोंडात टाकला. तिचा चेहरा असा खुलला! तिनं साहेबालाही कोपरानं ढोसलं. साहेबानंही खाल्ला. आणि खालून बुधी मोठ्यानं म्हणाली, “झालं गं बायांनो! त्वांड ग्वाड झालं! आता शबूद फिरत नाय!” सगळ्या बायकांनी हात जोडले.

साहेबानं बोटं चाटत भावोजींना विचारलं, हे काय आहे?

भावोजींनी तोंड उघडलं. मी डोळे मिटले. देवा, म्हटलं, आता गुळाची सगळी कहाणी, उसापासून. पण भावोजींनी ताईकडं पाहिलं, ताईनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि भावोजी म्हणाले, “सर, आमच्याकडं सौदा झाला की हे खातात. खाल्ल्यावर मग कुणी बोलत नाही.”

आणि ते खरंच बोलले नाहीत! उभे राहिले, घाम पुसत, ओठ घट्ट मिटून. मग साहेब हसायला लागला, असा हसला की खुर्ची करकरली, आणि त्यानं माळ्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी तार कापली. दोन खांब, मधे लाकडी झडप, ढकललं की उघडते. मी मुद्दाम बघायला गेले. बुधी पुढं, तिच्या डोक्यावर दोन हंडे, आणि मागं तिची सून, रिकाम्या हातानं, पोटावर हात ठेवून हळूहळू. ती नुसती झऱ्यावर पाय बुडवून बसायला आली होती.

पण मला सांगायचंय ते त्या आधीचं, बंगल्यावरनं आम्ही खाली उतरत होतो तेव्हाचं. ताई आणि बायका पुढं, भावोजी आणि मी मागं. मी त्यांना सोडते होय! मी म्हटलं, “काय भावोजी, साहेब पहिल्याच वाक्याला हो म्हणाला होता, ऐकू नाही आलं का?” मला वाटलं, हसतील, काहीतरी टोला देतील. त्यांनी चालता चालता कोट काढून खांद्यावर टाकला. मग म्हणाले, “ऐकू आलं गं. पण खरं नाय वाटलं. पुढं शिकू का म्हणून बापाला विचारलं, नाय म्हणाला. हॉटेलात साहेबाला म्हटलं, मला लिहायच्या कामाला लावा, नाय म्हणाला. ज्याला ज्याला काय मागितलं तो नायच म्हणाला. नायला काय बोलायचं ते मला झोपेत विचार, सांगतो. होला काय बोलायचं ते कुणी शिकवलंच नाय. कधी लागलंच नाय ते.”

मला पुढं चेष्टा करवेना. वाटेवर पळस फुलला होता, मी उगीच त्याच्याकडं बघत चालले. पुढून ताईनं, मान न वळवता, आवाज दिला, “होला काय बोलायचं नसतं. घरी यायचं असतं. चला बिगी बिगी, चहा टाकते.”

आणि आम्ही घरी आलो. पण काल गाडीत सबंध वेळ मी हाच विचार करत होते, म्हणून तुम्हाला विचारते, खरं खरं सांगा हं: तुमचं झालंय का हो कधी असं? समोरच्यानं केव्हाच ‘हो’ म्हटलेलं असतं, आणि आपण आपले मागतच राहिलेलो असतो?